जॅक्सन हाइट्समध्ये रेंट स्टॅबिलाइज्ड घर: शोधावे कसे आणि पारखावे कसे?

नवा_भाडेकरू (१२ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. आम्ही दोघे गेली तीन वर्षे न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पत्नीला एल्महर्स्टमध्ये नोकरी लागली आहे आणि माझे कार्यालय मॅनहॅटनच्या मिडटाउन भागात आहे, त्यामुळे क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये राहायला जायचे आम्ही ठरवले आहे. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या स्थानकावर ई, एफ, एम, आर आणि ७ अशा पाच गाड्या मिळतात आणि कढीपत्ता आणायला गाडी काढावी लागत नाही, एवढी दोन कारणे आम्हाला पुरेशी वाटली.

तीन शनिवार-रविवार फिरून दोन घरे नक्की केली आहेत. दोन्ही एका शयनकक्षाची आहेत. पहिले घर १९३९ सालच्या सहा मजली, ५४ घरांच्या इमारतीत आहे. भाडे २,३५० डॉलर सांगितले आहे, पण लीजच्या मसुद्यात 'कायदेशीर भाडे ३,१८०, सवलतीचे भाडे २,३५०' असे दोन आकडे लिहिलेले आहेत. स्वयंपाकघर जुने आहे आणि लिफ्ट कुरकुरते. दुसरे घर बागेभोवती बांधलेल्या एका सुंदर को-ऑप, म्हणजे सभासदांच्या सहकारी मालकीच्या, इमारतीत आहे. त्याचे भाडे २,२५० आहे, लाकडी जमीन नुकतीच घासून चकचकीत केलेली आहे आणि ब्रोकर म्हणतो की "ही इमारतही स्टॅबिलाइज्डच आहे". तो एका वर्षाच्या भाड्याच्या १५ टक्के, म्हणजे ४,०५० डॉलर, दलाली मागतो आहे.

पत्नीचा कल दुसऱ्या घराकडे आहे. माझे मन पहिल्याकडे ओढते, पण का, ते मला नीट सांगता येत नाही. स्टॅबिलाइज्ड म्हणजे नेमके काय, ब्रोकरच्या शब्दावर विसंबून न राहता ते तपासायचे कसे, आणि ते दोन आकडे म्हणजे पुढे कधीतरी ३,१८० भरावे लागतील अशी धमकी आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रुक्ष (१२ नोव्हेंबर २०२५)

मी क्वीन्समध्ये भाडेकरूंच्या प्रकरणांवर काम करणाऱ्या वकिलांच्या हाताखाली अकरा वर्षे काम केले आहे. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर सल्ला म्हणून नव्हे, माहिती म्हणून वाचावा.

सर्वसाधारण नियम असा की १ जानेवारी १९७४ पूर्वी बांधलेल्या आणि सहा किंवा अधिक घरे असलेल्या भाड्याच्या इमारतीतील घर रेंट स्टॅबिलाइज्ड असते. शहराचा मूळ कायदा १९६९ चा आणि राज्याचा त्यानंतरचा कायदा १९७४ चा आहे. ही व्यवस्था 'गृहनिर्माण आणीबाणी' या संकल्पनेवर उभी आहे: शहरातील भाड्याच्या घरांपैकी पाच टक्क्यांहून कमी घरे रिकामी असतील तोवर ती टिकते. २०२३ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण १.४१ टक्के निघाले होते. याखेरीज करसवलत घेऊन बांधलेल्या काही नव्या इमारतीही या व्यवस्थेत येतात, पण तिथे सवलतीची मुदत संपली की संरक्षणही संपू शकते, म्हणून तशा घराच्या लीजमध्ये मुदत संपण्याची तारीख आधी पाहावी.

भाडे कमी असणे हा या व्यवस्थेचा गाभा नव्हे. दोन हक्क महत्त्वाचे आहेत. लीज संपताना मालकाने ती एक किंवा दोन वर्षांसाठी, तुमच्या पसंतीने, पुन्हा करून द्यावीच लागते. आणि वाढ किती हे मालक ठरवत नाही, महापौरांनी नेमलेले नऊ सदस्यांचे रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवते. १ ऑक्टोबर २०२५ ते ३० सप्टेंबर २०२६ या काळात सुरू होणाऱ्या लीजसाठी ही वाढ एका वर्षाला ३ टक्के आणि दोन वर्षांच्या लीजला ४.५ टक्के आहे.

आता तुमच्या दुसऱ्या घराविषयी. को-ऑपमधील घर रिकामे झाल्यावर त्याच्या मालकाने ते तुम्हाला भाड्याने दिले, तर ते जवळजवळ नक्कीच स्टॅबिलाइज्ड नाही. इमारत को-ऑप झाली तेव्हा ज्या जुन्या भाडेकरूंनी घर विकत घेतले नाही, त्यांचे संरक्षण कायम राहते. ते निघून गेले की त्या घराचे संरक्षणही जाते. ब्रोकर "इमारत स्टॅबिलाइज्ड आहे" असे म्हणतो तेव्हा तो कदाचित त्या चार-पाच वृद्ध भाडेकरूंच्या जोरावर बोलत असेल. संरक्षण इमारतीला नसते, घराला असते. जॅक्सन हाइट्समध्ये ही गफलत फार होते, कारण १९१० आणि १९२० च्या दशकांतील तिथल्या सुप्रसिद्ध बागवाल्या इमारतींपैकी पुष्कळ को-ऑप आहेत. शिवाय बहुतेक को-ऑप आपल्या सभासदाला घर मोजकीच वर्षे भाड्याने देऊ देतात. दोन वर्षांनी मालक अगदी प्रेमाने "आमच्या मंडळाचा नियम आहे" असे म्हणेल आणि तुम्ही पुन्हा खोकी भराल. सबळ कारणाविना भाडेकरूला काढता येऊ नये यासाठीचा २०२४ चा 'गुड कॉज' कायदाही को-ऑपमधील घरांना लागू नाही.

दलालीविषयी: ११ जून २०२५ पासून ज्याने ब्रोकर नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे आहेत. मालकाच्या वतीने जाहिरात देणारा ब्रोकर तुमच्याकडे ४,०५० डॉलर मागू शकत नाही. डिपॉझिटही एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि अर्जाच्या व पार्श्वभूमी तपासणीच्या खर्चापोटी २० डॉलरच्या वर काही घेता येत नाही.

सातची_गाडी (१३ नोव्हेंबर २०२५)

रुक्ष यांनी कायदा सांगितला, मी पायपीट सांगतो. मी सनीसाइडमध्ये २०११ पासून एकाच स्टॅबिलाइज्ड घरात राहतो आणि मित्रांसाठी आजवर पंधरा-वीस घरे पाहिली असतील.

कोणत्याही घराचा पत्ता कळला की मी आधी शहराच्या अर्थखात्याच्या संकेतस्थळावर त्या इमारतीचे मालमत्ता कराचे बिल उघडतो. ते कोणालाही पाहता येते. त्यात रेंट स्टॅबिलायझेशनच्या शुल्काची एक ओळ असते आणि तिच्यापुढे किती घरांसाठी शुल्क लावले तो आकडा असतो. ५४ पैकी ५० असेल तर मन निर्धास्त होते, ५४ पैकी ९ असेल तर तुमचे घर त्या नवांत आहे का, हा प्रश्न उरतो. जुनी बिलेही तिथेच असतात. २००८ साली ५२ असलेला आकडा २०१८ साली २० वर आला असेल तर त्या दहा वर्षांत मालकाचा उद्योग काय होता, ते वेगळे विचारावे लागत नाही. रेंट गाइडलाइन्स बोर्ड स्टॅबिलाइज्ड इमारतींची बरोनिहाय (क्वीन्ससारख्या शहराच्या विभागांनुसार) यादीही प्रसिद्ध करते, पण तिच्यात इमारतीचे नाव आहे एवढ्याने घराचे काहीच सिद्ध होत नाही, आणि नाव नाही म्हणून घर बाद असेही नाही.

त्यानंतर एचपीडी, म्हणजे शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावर त्याच पत्त्याच्या तक्रारी आणि नियमभंग पाहतो. नियमभंगांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग आहेत. क म्हणजे तत्काळ धोकादायक. पंच्याऐंशी वर्षांच्या इमारतीत एकही नोंद नसेल असे होत नाही, त्यामुळे संख्येला घाबरू नये. कोणत्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात ते पाहावे. एखाद्याच्या न्हाणीघराचे छत एकदा गळले हे मी सोडून देतो, पण सलग तीन हिवाळे 'हीटिंग नाही, गरम पाणी नाही' अशा वेगवेगळ्या मजल्यांवरून तक्रारी असतील तर बॉयलर म्हातारा आहे आणि मालक चिकट आहे, असे मी समजतो.

प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा सुपरशी, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाशी, दहा मिनिटे बोला. तो त्याच इमारतीत राहतो की चार इमारती सांभाळत कुठून तरी येतो, यावर तुमचे पुढचे पाच हिवाळे अवलंबून आहेत. नळ उघडून गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते मोजा. कचऱ्याची जागा पाहा. रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या दोन गल्ल्यांच्या आत घर असेल तर खिडकी उघडून ७ नंबरची गाडी डोक्यावरून जाईपर्यंत थांबा, आणि संध्याकाळी पुन्हा एकदा जाऊन लाग्वार्डियाला उतरणारी विमाने ऐका. भाड्याचे आकडे पाहताना आपण कान बंद ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर "दोन कुटुंबांच्या घराचे तळघर, सर्व खर्चासह १,५००" अशा जाहिराती येतात. सहापेक्षा कमी घरे असल्यामुळे तिथे स्टॅबिलायझेशनचा प्रश्नच येत नाही आणि अशी बरीचशी तळघरे राहण्यासाठी मंजूरच नसतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात या शहरात तळघरांत बुडून ११ माणसे गेली. तिकडे फिरकू नये.

गिरगावकर (१३ नोव्हेंबर २०२५)

धागा वाचून हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. माझा जन्म गिरगावातल्या पागडीच्या चाळीत झाला. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि पुढे पन्नास वर्षे ती जागची हलली नाहीत. १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा कुठे वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा मालकाला मिळाली. तोवर भाडे इतके नाममात्र झाले होते की आमच्या मालकाला जिन्याचा कठडा दुरुस्त करण्यात काही रस उरला नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही त्याच्यावर रागावण्याचा नैतिक अधिकार वाटत नव्हता.

म्हणून न्यूयॉर्कला आल्यावर मी 'रेंट कंट्रोल' ऐकले की नाक मुरडत असे. पुढे कळले की इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेंट कंट्रोल ही जुनी व्यवस्था असून १ जुलै १९७१ च्या आधीपासून त्याच घरात राहणाऱ्या भाडेकरूंना आणि त्यांच्या वारसांनाच ती लागू आहे. पागडीची खरी चुलत बहीण ती, आणि अशी घरे आता फार थोडी उरली आहेत. रेंट स्टॅबिलायझेशनमध्ये भाडे दरवर्षी थोडे थोडे हलत राहते, सुमारे दहा लाख घरांना ते लागू आहे आणि नव्याने येणाऱ्या माणसालाही ते मिळू शकते. चाळीत खोली मिळवायला पागडी मोजावी लागे. इथे असे वरचे पैसे घेणे बेकायदेशीर आहे. मात्र "घर मिळवून देतो, पाकीट द्या" असे कानात सांगणारा माणूस दोन्ही शहरांत भेटतो. त्याला ओळखायला गिरगावकराला वेळ लागत नाही.

फटकळ (१४ नोव्हेंबर २०२५)

सर्वांची क्षमा मागून वेगळा सूर लावतो. स्टॅबिलाइज्ड घराच्या मागे धावण्याचा हा जो सोस आहे, त्यात माणसे घर पाहायचे विसरतात. मी चार वर्षे अशा घरात राहिलो. भाडे उत्तम होते, आणि उंदीरही उत्तम होते. राज्याच्या २०१९ च्या भाडे कायद्यानंतर रिकाम्या घरावर केलेला मोठा खर्च भाड्यातून वसूल होत नाही, अशी मालकांची तक्रार आहे, आणि ती सगळी खोटी नाही. भाड्यात धरता येणाऱ्या खर्चाची मर्यादा आता पंधरा वर्षांत ३०,००० डॉलर आणि काही ठराविक घरांसाठी ५०,००० आहे. पस्तीसहून अधिक घरांच्या इमारतीत ३०,००० च्या मर्यादेतल्या खर्चाचा १८० वा भाग महिन्याच्या भाड्यात मिळवता येतो, म्हणजे ३०,००० खर्चून महिना १६७ डॉलर. पन्नास वर्षे एकच कुटुंब राहिलेल्या घराची वायरिंग आणि नळ बदलायला ही रक्कम कितपत पुरते, हे बांधकामातल्या माणसाला विचारा. काही मालक तशी घरे सरळ कुलूप लावून ठेवतात.

मला एवढेच म्हणायचे आहे की लीज मजबूत आहे म्हणून छत मजबूत असेल असे नव्हे.

नवा_भाडेकरू (१५ नोव्हेंबर २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बिले उघडून बसलो. पहिल्या इमारतीत ५४ पैकी ४७ घरांसाठी शुल्क लावलेले आहे आणि २०१० साली हा आकडा ५१ होता. को-ऑपमध्ये ७२ पैकी ५. ब्रोकरला हे सांगितल्यावर तो म्हणाला की "तुमचे घर त्या पाचांतले असू शकते", पण लीजला स्टॅबिलायझेशनचा रायडर, म्हणजे पुरवणी कागद, जोडणार का, असे विचारले तेव्हा त्याने विषय बदलला. पत्नीने बिलाचे ते पान स्वतः पाहिल्यावर चकचकीत जमिनीचा आग्रह सोडला आहे.

पहिल्या घराच्या दोन आकड्यांचे कोडे मात्र तसेच आहे. आणि त्या घराचा जुना इतिहास मला सही करण्यापूर्वी मिळू शकेल का?

मोगरा (१५ नोव्हेंबर २०२५)

इतिहासाबद्दल मला सांगू द्या, कारण त्या दोन पानांनी आमचे पाच वर्षांचे भाडे वाचवले.

मालकाने प्रत्येक स्टॅबिलाइज्ड घराची नोंदणी दरवर्षी राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे डीएचसीआरकडे, करायची असते. त्यात १ एप्रिल रोजी तिथे कोण राहत होते आणि भाडे किती होते ते लिहिलेले असते. १९८४ पासूनच्या या नोंदी एकत्र छापून मिळतात, त्याला रेंट हिस्टरी म्हणतात. ती फुकट मिळते, पण राहत्या भाडेकरूला. सही करण्यापूर्वी तुम्हाला ती मागता येत नाही. मालकाला किंवा आधीच्या भाडेकरूला विनंती करून पाहता येते. सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मागवा, आळस करू नका. आम्ही सहा वर्षे आळस केला.

आमचे घर वुडसाइडला होते आणि लीजवर कुठेही स्टॅबिलाइज्डचा उल्लेख नव्हता. शेजारच्या आजींनी सहज म्हटले की त्यांचे भाडे आमच्या निम्मे आहे, तेव्हा मी इतिहास मागवला. पाकिटात जे आले ते असे: २००६ साली भाडे ८९०, आणि २००७ साली भाड्याच्या जागी कायमचे मुक्त असा शेरा. मधल्या वर्षात काय घडले ते समजून घ्यायला मला एक अख्खा रविवार लागला. त्या काळी घर रिकामे झाले की २० टक्के वाढ घेता येई, म्हणजे ८९० चे १,०६८ झाले. घरात सुधारणा केली तर खर्चाचा ४० वा भाग महिन्याच्या भाड्यात मिळवता येई. आणि रिकाम्या घराचे भाडे २,००० ला पोहोचले की घर कायद्यातून बाहेर पडे. १,०६८ चे २,००० करायचे तर ९३२ डॉलरची वाढ हवी, म्हणजे ३७,२८० डॉलरचे काम त्या घरात झालेले असायला हवे. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटे १९७० च्या दशकातली होती. न्हाणीघरातल्या फरशा त्याहून जुन्या होत्या. सदतीस हजार डॉलर कुठे गेले होते?

आम्ही वकील गाठला आणि जादा भाड्याची तक्रार केली. मालकाकडे एकाही कामाचे बिल निघाले नाही. प्रकरण दोन वर्षे चालले, मधल्या काळात मालकाचा माणूस जिन्यात भेटला की मी नजर चुकवत असे, आणि शेवटी तडजोड झाली: घर पुन्हा स्टॅबिलाइज्ड मानले गेले, भाडे उतरले आणि काही रक्कम परत मिळाली. त्यातली बरीच वकिलांना गेली. तरीही मी म्हणेन की ते दोन कागद मी पहिल्याच महिन्यात मागवायला हवे होते.

रुक्ष (१६ नोव्हेंबर २०२५)

मोगरा यांच्या प्रकरणात बिले नव्हती म्हणून मार्ग निघाला. वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो: १४ जून २०१९ च्या कायद्याने रिकाम्या घराची २० टक्के वाढ आणि भाडे ठराविक आकड्याला पोहोचले की घर मुक्त होण्याची वाट, ही दोन्ही दारे बंद केली, पण त्यापूर्वी जी घरे रीतसर बाहेर पडली ती बाहेरच राहिली. पुढे २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जादा भाड्याच्या मोजणीचे नवे नियम जुन्या व्यवहारांना मागे जाऊन लावता येणार नाहीत, असाही निर्णय दिला. त्यामुळे इतिहासात मोठी उडी दिसली म्हणजे पैसे मिळालेच, असे मानू नये.

आता दोन आकड्यांविषयी. ३,१८० हे मालकाला कायद्याने घेता येण्याजोगे कमाल भाडे. तेवढे देणारा भाडेकरू बाजारात मिळत नाही म्हणून तो २,३५० घेतो आहे. २०१९ पूर्वी ही खरोखरच टांगती तलवार होती: लीज संपली की मालक एकदम वरच्या आकड्यावर जाई आणि माणसे रडकुंडीला येत. आता तुम्ही त्या घरात राहत आहात तोवर प्रत्येक वाढ २,३५० वरच मोजावी लागते. तुम्ही घर सोडले की मात्र पुढच्या भाडेकरूकडून तो ३,१८० पर्यंत मागू शकतो. म्हणून लीजवर पती-पत्नी दोघांचीही नावे घाला, एकाचेच नव्हे. आणि रायडर जोडलेला आहे ना, त्यात आधीच्या भाडेकरूचे भाडे व तुमच्या भाड्याचा हिशेब लिहिलेला आहे ना, ते सहीपूर्वी वाचा.

अबोली (१८ नोव्हेंबर २०२५)

धाग्याशी जोडलेला एक प्रश्न विचारते. एल्महर्स्टमधले माझे घर स्टॅबिलाइज्ड आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी मला पुण्यात सहा-सात महिने राहावे लागेल. मैत्रीण म्हणते की १८३ दिवसांहून कमी राहिले तर घर जाते. तितके दिवस घर कोणाला तरी राहायला देता येईल का?

रुक्ष (१८ नोव्हेंबर २०२५)

घर हे तुमचे मुख्य निवासस्थान असले पाहिजे ही अट खरी आहे आणि वर्षात १८३ दिवसांहून कमी वास्तव्य हा मालकाच्या बाजूचा एक पुरावा ठरू शकतो. परंतु तो एकमेव निकष नाही, आणि वाजवी कारणासाठी तात्पुरते बाहेर जाणे नियमांत गृहीत धरलेले आहे. आईच्या उपचारांचे कागद, जाण्या-येण्याची तिकिटे आणि इथल्या पत्त्यावरची कर-विवरणे, वीजबिले सांभाळून ठेवा. घर पोटभाड्याने द्यायचे असेल तर मालकाची लेखी परवानगी आधी सर्टिफाइड टपालाने मागा. कोणत्याही चार वर्षांत दोन वर्षांपर्यंत ते करता येते. सामानासह दिले तर भाड्यावर १० टक्के जादा घेता येतात, त्यावर एक डॉलरही नाही. परवानगीविना आणि नफ्यावर घर देणे हा ते गमावण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आईंच्या प्रकृतीस आराम पडो.

सातची_गाडी (२२ नोव्हेंबर २०२५)

माझीच लीज संपत आली आहे आणि एक वर्ष की दोन वर्षे या प्रश्नाने घरात रोज चर्चा चालू आहे, म्हणून हिशेब इथेच मांडतो. माझे भाडे १,९०० आहे. एका वर्षाची लीज घेतली तर १,९५७ होईल आणि पुढच्या वर्षी तेव्हाचे टक्के लागतील. दोन वर्षांची घेतली तर दोन्ही वर्षे १,९८५.५०, म्हणजे चोवीस महिन्यांचे ४७,६५२. एक-एक वर्षाच्या मार्गाने पहिल्या वर्षाचे २३,४८४ होतात; उरलेले २४,१६८ बाराने भागले की महिना २,०१४ येतात, आणि १,९५७ वर ही वाढ २.९ टक्के होते. पुढच्या वर्षी बोर्डाने २.९ टक्क्यांहून कमी वाढ दिली तर एक वर्षाची लीज फायद्याची, जास्त दिली तर दोन वर्षांची.

४ नोव्हेंबरला महापौरपदी निवडून आलेल्या झोहरान ममदानी यांनी प्रचारात भाडी गोठवण्याचे आश्वासन दिले होते आणि ते स्वतः अ‍ॅस्टोरियात स्टॅबिलाइज्ड घरात राहिलेले आहेत. बोर्डाचे सदस्य महापौर नेमतात हे खरे, पण नेमणुकांच्या मुदती असतात आणि बोर्डाला मालकांचे खर्चही पाहावे लागतात. २०१५, २०१६ आणि २०२० साली बोर्डाने एका वर्षाच्या लीजवर शून्य टक्के वाढ दिली होती, म्हणजे हे अघटित नाही. मी एका वर्षाची घेणार आहे. बायको म्हणते की हा जुगार आहे. तिचेही चूक नाही, पण हरलो तरी महिन्याला वीस-पंचवीस डॉलरच जातील.

नवा_भाडेकरू (१४ जानेवारी २०२६)

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. १५ डिसेंबरपासून पहिल्या घरात राहायला आलो. वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट, म्हणजे ९४,००० हवे, ही मालकाची अट दोघांचे मिळून सहज पूर्ण झाली. दोघांचीही नावे लीजवर आहेत आणि रायडर जोडलेला आहे. इतिहास मागवला होता, त्याचे पाकीट परवा आले.

१९८४ पासूनच्या नोंदी वाचताना एखाद्या अनोळखी कुटुंबाची वही वाचत असल्यासारखे वाटले. एकच नाव एकवीस वर्षे आहे आणि भाडे मुंगीच्या पावलांनी चढते आहे. २००९ मध्ये ते १,२४० वरून एकदम १,८९५ झाले. मोगरा यांच्या पद्धतीने हिशेब केला: २० टक्क्यांनी १,४८८, उरलेल्या ४०७ साठी १६,२८० डॉलरचे काम. आमचे स्वयंपाकघर त्याच सुमाराचे दिसते, त्यामुळे हे पटण्यासारखे आहे. त्यानंतरची वाढ बोर्डाच्या टक्क्यांशी बरीचशी जुळते, मात्र २०२१ ची नोंदणीच झालेली नाही असा शेरा आहे. याचा काही अर्थ निघतो का?

रुक्ष (१४ जानेवारी २०२६)

नोंदणी केली नसेल तोवर मालकाला वाढ घेता येत नाही. उशिरा नोंदणी केली की तिथून पुढे घेता येते. तुम्ही सवलतीचे भाडे भरता आणि ते कायदेशीर भाड्याहून बरेच खाली आहे, त्यामुळे आज तुमच्या खिशावर याचा परिणाम नाही. तरी ते पान जपून ठेवा. लीज संपण्यापूर्वी ९० ते १५० दिवसांच्या आत मालकाने नव्या लीजचा फॉर्म पाठवायला हवा; तो आला की आकडा या पानाशी ताडून पाहा आणि ६० दिवसांत उत्तर द्या.

फटकळ (१४ जानेवारी २०२६)

कागद झाले. घर ऊबदार आहे का?

नवा_भाडेकरू (१५ जानेवारी २०२६)

तुमचा प्रश्न वाचून काल रात्री पलंगाशेजारी थर्मामीटर ठेवला. दोन वाजता ६१ अंश फॅरनहाइट होते, पाच वाजता ६०.

सातची_गाडी (१५ जानेवारी २०२६)

१ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात रात्री दहा ते सकाळी सहा ६२ अंश हवेतच, बाहेर कितीही असोत. दिवसा बाहेर ५५ च्या खाली गेले की आत ६८ हवेत. आधी सुपरला सांगा, बहुधा तुमच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह अडकलेला असेल आणि तो दहा मिनिटांत सुटेल. उद्याही तसेच राहिले तर शहराच्या ३११ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, थर्मामीटरचा वेळेसह फोटो काढून ठेवा, आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांकडे किती अंश आहेत ते विचारा. त्या निमित्ताने ओळखही होईल.